वाफेचा हिशेब मांडणारा माणूस

(द्वितीय वर्ष, कला)

जेम्स वॅटचे नाव आपण सर्वांनी प्राथमिक शाळेतच ऐकलेले असते. चुलीवरची किटली, वाफेने थडथडणारे तिचे झाकण आणि ते पाहून विचारात पडलेला एक लहान मुलगा, एवढे चित्र पाहून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. मीही तसाच वळलो होतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याला दहावीनंतर वाफेचा विचार करण्याचे काही कारणही नव्हते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत असा एक प्रसंग घडला, की त्या किटलीवाल्या मुलाकडे मला पुन्हा जावे लागले.

माझे गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. किर्लोस्करवाडी हे आमचे स्टेशन. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील शेती करतात. आजोबा, म्हणजे आमचे आबा, चौथी शिकलेले. ते रेल्वेत मिरजेच्या लोको शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि पुढे वाफेच्या इंजिनावर फायरमन झाले. फायरमन म्हणजे काय, हे मला पक्के ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर म्हणूनच मी ते कोणाला सांगत नसे. प्रथम वर्षाला वर्गात ओळखी करून देताना माझे आजोबा रेल्वेत होते एवढेच मी म्हणालो. ते भट्टीत फावड्याने कोळसा टाकत असत, हे मी गिळून टाकले.

दिवाळीत सांगलीला मामांकडे गेलो होतो. आबाही डोळे दाखवायला म्हणून बरोबर आले होते. माझा मामेभाऊ अभियांत्रिकीला आहे. त्याला संगणकावर आगगाडी चालवण्याच्या खेळाचा भारी नाद. त्याला सिम्युलेटर म्हणतात. परदेशातला कोणतासा मार्ग, वाफेचे काळे इंजिन, समोर भट्टी, पाण्याची काच आणि दाबाचा काटा, असे सारे पडद्यावर हुबेहूब दिसत होते. आबांना खुर्ची दिली. ते बराच वेळ काही न बोलता पाहत राहिले. भावाने चढावर इंजेक्टर उघडून बॉयलरमध्ये पाणी सोडले, तेव्हा मात्र ते पुढे झुकले आणि म्हणाले, की हा काटा खोटा आहे.

भाऊ हसला. आबा हसले नाहीत. बाहेरचे गार पाणी आत गेले की दाब उतरलाच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. चढावर रेग्युलेटर उघडला की सिलिंडर वाफ ओढून घेतात, काटा खाली येतो; पण बाहेर पडणारी तीच वाफ धुराड्यातून जोराने वर जाताना भट्टीतला वारा ओढते, विस्तव पांढरा पडतो आणि वाफ पुन्हा धरते. पुण्याकडून साताऱ्याकडे येताना आदर्कीचा चढ लागतो. तेथे ड्रायव्हर रूळ पाहतो आणि फायरमन काटा पाहतो. पाणी आधी घ्यायचे की कोळसा आधी टाकायचा, हे चुकले तर गाडी चढावर धापा टाकत उभी राहते. आणि इथे तर एवढे पाणी गेले तरी काटा खिळ्याने ठोकल्यासारखा जागचा हलत नाही!

भावाने मग खेळ थांबवला. त्या इंजिनाची माहिती ज्या फाईलमध्ये आकड्यांनी लिहिलेली असते ती उघडली: जाळीचे क्षेत्रफळ, सिलिंडरची लांबीरुंदी, जास्तीत जास्त दाब, बॉयलरचे आकारमान. ते इंजिन कोणा हौशी माणसाने तयार केलेले होते आणि बॉयलरचा आकडा लिहिताना त्याच्या हातून एक शून्य जास्त पडले होते. एवढ्या अवाढव्य बॉयलरमध्ये थोडे गार पाणी गेले काय आणि न गेले काय, काट्याला त्याचा पत्ताच लागत नव्हता. शून्य खोडले आणि काटा उतरू लागला. आबा समाधानाने मागे टेकले. चौथी शिकलेल्या माणसाने संगणकाची चूक नुसत्या डोळ्याने पकडली होती.

सुटी संपवून मी साताऱ्याला परतलो. कमवा व शिका योजनेत मला ग्रंथालयाचे काम आहे. कपाटे पुसताना शास्त्रज्ञांच्या चरित्रांतले एक जुने पुस्तक हाती आले, आणि उभ्या उभ्याच वाचू लागलो. मग आणखी दोन शोधली. किटलीची गोष्ट ही मागाहून रचलेली दंतकथा असून वॅटच्या शोधाशी तिचा काही संबंध नाही, हे मला तेथे कळले. खरी गोष्ट निराळीच आहे. तीही न चालणाऱ्या एका लहानशा प्रतिकृतीचीच आहे.

जेम्स वॅटचा जन्म १७३६ साली स्कॉटलंडमध्ये, क्लाइड नदीच्या मुखाजवळील ग्रीनॉक या बंदरात झाला. वडील जहाजांचे सुतारकाम करीत आणि व्यापारही करीत. आजोबा गणित शिकवीत असत. मुलगा प्रकृतीने नाजूक, सदा डोके दुखणारा. त्यामुळे सुरुवातीचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. वडिलांच्या कामाच्या जागी त्याला लहानशी हत्यारे मिळाली होती. वस्तू खोलून पुन्हा जोडण्यात त्याचा वेळ जाई. १७५३ साली आई वारली, वडिलांना व्यापारात खोट आली, आणि अठराव्या वर्षी पोराला पोटापाण्याचा विचार करावा लागला. त्याने मोजमापाची उपकरणे बनवणारा कारागीर व्हायचे ठरवले.

ते शिकण्यासाठी १७५५ साली तो लंडनला गेला. त्या काळी कारागिराला सात वर्षे उमेदवारी करावी लागे. वॅटजवळ ना तेवढा वेळ होता, ना पैसा. अखेर एका कारागिराने वीस गिनी घेऊन त्याला वर्षभर शिकवण्याचे कबूल केले. त्या वर्षात त्याने अर्धपोटी राहून, रात्रंदिवस राबून काम आत्मसात केले आणि ढासळलेली प्रकृती घेऊन तो परतला.

ग्लासगो शहरात दुकान मांडावे, तर तेथील कारागिरांच्या संघाने मोडता घातला. हा ना आमच्या गावचा, ना याने रीतसर उमेदवारी केलेली. याला दुकान काढता येणार नाही! अशा वेळी त्याला आसरा दिला तो ग्लासगो विद्यापीठाने. जमैका बेटावरील एका धनिकाने आपली खगोलशास्त्राची उपकरणे विद्यापीठाला दिली होती. समुद्रप्रवासात ती गंजली, बिघडली. ती दुरुस्त करायला हाताचा कसबी माणूस हवा होता. ते काम वॅटला मिळाले, आणि १७५७ साली विद्यापीठाच्या आवारातच त्याला एक खोली दिली गेली. विद्यापीठाच्या हद्दीत संघाची सत्ता चालत नसे.

मित्रहो, हा भाग वाचताना मी थांबलो. वॅट विद्यापीठात शिरला तो विद्यार्थी म्हणून नव्हे. तो हत्यारांची पेटी घेऊन आला. पण त्या खोलीत रसायनाचे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक येऊन बसत. जॉन रॉबिसन नावाचा विद्यार्थी येई, आणि तेथे तासन् तास चर्चा चाले. कारागिराला पुस्तकांची वाट सापडली आणि पुस्तकवाल्यांना हाताच्या ज्ञानाची. पुस्तके वाचता यावीत म्हणून वॅटने परक्या भाषाही शिकून घेतल्या.

१७६३ सालच्या हिवाळ्यात प्राध्यापक अँडरसन यांच्याकडून एक खेळण्याएवढे यंत्र त्याच्याकडे दुरुस्तीला आले. ती न्यूकॉमेनच्या इंजिनाची प्रतिकृती होती. थॉमस न्यूकॉमेनने १७१२ साली खाणीतील पाणी उपसण्यासाठी वाफेचे इंजिन उभारले होते, आणि पन्नास वर्षे सगळीकडे तेच चालत होते. त्याची रीत अशी: उभ्या नळकांड्यात वाफ भरायची, मग आत गार पाण्याचा फवारा सोडायचा. वाफेचे पाणी होऊन आत पोकळी होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो. म्हणजे त्या इंजिनात खरी ताकद हवेची होती. वाफ नुसती जागा करून देत असे.

प्रतिकृतीचे नळकांडे दोन इंच व्यासाचे, दट्ट्याची धाव सहा इंच. पूर्वी ती लंडनलाही दुरुस्तीला पाठवली होती. वॅटने ती नीट जुळवली, चुलाण पेटवले. दट्ट्या चार-दोन वेळा वरखाली झाला आणि बॉयलरमधील वाफ संपली. दुसऱ्या कोणी म्हटले असते की खेळणेच ते, याहून काय चालणार? वॅटने विचारले, की वाफ गेली कुठे?

आधी त्याला वाटले की लहानपणाचाच हा दोष असावा. ते काही अंशी खरेही होते. वस्तू लहान केली की तिचे पोट जेवढे कमी होते, तेवढी तिची कातडी कमी होत नाही. म्हणून लहान नळकांडे मोठ्यापेक्षा लवकर निवते. प्रतिकृती म्हणजे मोठ्या यंत्राचे जसेच्या तसे रूप नव्हे, हे त्याने ओळखले. पण एवढ्याने हिशेब जुळेना. तेव्हा तो मोजू लागला. पाण्याची वाफ झाली की ती किती पट जागा व्यापते, हे त्याने मोजले. प्रत्येक धावेला किती वाफ खर्ची पडते, हे मोजले, आणि नळकांड्यात मावते त्याच्या कितीतरी पट वाफ जाते असे आढळले. थोड्याशा वाफेने तिच्या सहापट वजनाचे गार पाणी उकळीला येते, हे पाहून तर तो चक्रावला. त्याने ब्लॅकना विचारले. पाण्याची वाफ होताना तापमान न वाढताही पुष्कळ उष्णता तिच्यात दडून बसते, हे ब्लॅकनी आधीच शोधून काढले होते. ती सुप्त उष्णता वॅटच्या हाती अशी आपल्या वाटेने आली.

आता चोर सापडला. प्रत्येक धावेला नळकांडे गार पाण्याने निववायचे आणि पुढच्या धावेला वाफेनेच पुन्हा तापवायचे. सारी वाफ या तापवण्यात मरत होती. नळकांडे सतत गरम हवे आणि वाफ निववायला गार जागाही हवी. एकाच भांड्याने एकाच वेळी गरम आणि गार कसे राहायचे? हा पेच दीड-दोन वर्षे त्याच्या डोक्यात होता. १७६५ सालच्या वसंतात एका रविवारी ग्लासगोच्या हिरवळीवर फिरायला गेला असता उत्तर सुचले. वाफ निववायला भांडेच वेगळे ठेवावे! पोकळी दिसली की वाफ तिकडे धावणारच. नळकांड्याला एक निराळे शीतपात्र जोडले, की नळकांडे गरमचे गरम आणि शीतपात्र गारचे गार. आज ऐकताना किती सोपे वाटते!

सुचण्यापासून चालण्यापर्यंतची वाट मात्र अकरा वर्षांची होती. १७६४ साली त्याचे लग्न झाले होते, संसार वाढत होता. जॉन रोबक या कारखानदाराने पैसा लावला आणि १७६९ साली पेटंट मिळाले. पण दट्ट्या घट्ट बसेल असे गोल नळकांडे कापणारा कोणी मिळेना. पोटासाठी वॅट कालव्यांची मोजणी करीत हिंडला. १७७३ साली तो दूर डोंगरात मोजणीवर असतानाच बाळंतपणात पत्नी गेली. रोबकचे दिवाळे वाजले. या काळात तो फार खचला होता, आणि आपल्या बुद्धीचा त्याला वीट आला होता.

रोबकचा हिस्सा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने घेतला आणि १७७४ साली वॅट तिकडे गेला. भित्र्या, शंकेखोर वॅटला धाडसी आणि आनंदी बोल्टन भेटला, हे त्याचे भाग्य. तोफांच्या नळ्या अचूक कोरण्याचे यंत्र जॉन विल्किन्सनने तयार केले होते. त्याच्या साहाय्याने नळकांडी कोरली गेली आणि १७७६ साली पहिली मोठी इंजिने चालू झाली. कॉर्नवॉलच्या खाणींत त्यांना मोठी मागणी आली. मोबदला घेण्याची रीतही हिशेबी होती. जुन्या इंजिनाच्या मानाने जो कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा द्यायचा. पुढे चाक फिरवणारे इंजिन, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे नळकांडे, वेग आपोआप आवरणारा नियंत्रक हे सारे आले, आणि गिरण्यांची चाके नदीकाठ सोडून गावोगाव फिरू लागली. घोड्याच्या कामाशी तुलना करून त्याने अश्वशक्तीचे माप ठरवले: एका मिनिटात तेहेतीस हजार पौंड वजन एक फूट उचलण्याएवढे काम.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मात्र एक लहान वस्तू. इंजिन चालू असताना नळकांड्याच्या आत काय चालले आहे, हे कोणाला दिसत नसे. वॅटने आतला दाब दाखवणारे उपकरण केले. १७९६ च्या सुमारास त्याचा मदतनीस जॉन सदर्न याने त्याला पेन्सिल आणि सरकती फळी जोडली. दट्ट्या पुढेमागे होताना पेन्सिल कागदावर एक बंद वळण काढी. त्या वळणाने वेढलेली जागा म्हणजे वाफेने केलेले काम! लोखंडाच्या पोटातील गोष्ट कागदावर आली. कारखान्याने हे उपकरण कित्येक वर्षे गुप्त ठेवले. १८३४ साली फ्रान्समधील क्लापेरॉनने दाब आणि आकारमान यांचा असाच आलेख मांडून उष्णतेचे शास्त्र समजावले. आज माझ्या भावाचा संगणक क्षणोक्षणी वाफेचा जमाखर्च मांडतो, तो याच परंपरेतला.

चरित्र लिहिताना दोष झाकू नयेत. वॅटला मोठ्या दाबाची धास्ती होती. त्याची इंजिने हवेच्या दाबाहून जेमतेम अधिक दाबावर चालत. बॉयलर फुटून माणसे मरतील, ही त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. पण त्या भीतीने त्याने इतरांचीही वाट अडवली. त्याच्याच कारखान्यातील विल्यम मर्डॉक या गुणी माणसाने १७८४ साली वाफेच्या गाडीची चालती प्रतिकृती केली, तेव्हा तिला उत्तेजन मिळाले नाही. पेटंटच्या जोरावर त्याने प्रतिस्पर्ध्यांना कोर्टात खेचले. १८०० साली पेटंट संपले, आणि १८०४ साली रिचर्ड ट्रेव्हिथिकने मोठ्या दाबाचे इंजिन रुळांवर पळवून दाखवले. आगगाडी वॅटने केली, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे ती त्याच्या मनाविरुद्ध आली. आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्याच्या कारखान्याची इंजिने पुढे वेस्ट इंडीज बेटांवरच्या, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या ऊसमळ्यांवरही गेली. कोळशाचा हिशेब चोख ठेवणाऱ्यांनी त्या श्रमांचा हिशेब मांडला नाही.

उतारवयात दुसऱ्या पत्नीपासून झालेली दोन्ही मुले त्याच्या डोळ्यांदेखत गेली. तो घराच्या माळ्यावरील आपल्या कामाच्या खोलीत रमू लागला. तेथे मूर्तीवरून मूर्ती कोरणारे एक यंत्र तो अखेरपर्यंत सुधारत होता. २५ ऑगस्ट १८१९ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले. ती माळ्यावरची खोली हत्यारांसकट उचलून लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवली आहे. आणि त्याचे नाव आपल्या घरातल्या प्रत्येक दिव्यावर छापलेले असते.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पुढे आमच्या मिरजेला मीटरगेज आली, नॅरोगेज आली, १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेजही आली, आणि तीन मापांचे रूळ एका स्टेशनात नांदू लागले. देशातल्या ब्रॉडगेजवर नावाजलेल्या डब्ल्यू.पी. जातीच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये चौरस इंचाला २१० पौंड दाब असे. वॅट ते पाहून घाबरला असता. आमचे आबा तसल्या दाबाशेजारी वर्षानुवर्षे उभे राहिले. १९९५ साली देशातील ब्रॉडगेजवरची नित्याची वाफेची वाहतूक संपली. त्याआधीच आबा डिझेलवर सहायक झाले होते, आणि मग निवृत्त.

वॅटने वाफेचा हिशेब कागदावर मांडला म्हणून तो आपल्यापर्यंत आला. आबांचा हिशेब कानात, डोळ्यांत आणि दंडात आहे. कोळसा ओला असला तर किती पसरून टाकायचा, धुराचा रंग कसा असला की विस्तव उपाशी आहे, हे त्यांना आजही ठाऊक आहे. आता त्यांना एका कानाने ऐकू येत नाही, आणि डोळ्यांवर पडदा आला आहे. आमच्या घरात लिहिता येणारा मी आहे, आणि एवढे दिवस मी त्यांचा धंदा लपवत होतो.

गेल्या सुटीत मी शंभर पानी वही घेऊन गावी गेलो. आबांना म्हटले की सगळे सांगा, मी लिहून घेतो. हे लिहून घेऊन काय करणार, गाड्या तर आता विजेवर गेल्या, असे ते म्हणाले. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तेच वही कुठे आहे म्हणून विचारू लागले. पहिले पान भट्टी पेटवण्याचे झाले आहे. गार इंजिनात वाफ धरायला किती तास लागतात, येथपासून त्यांनी सुरुवात केली. भावाला ते पान दाखवले, तर त्याने आपल्या फाईलमधले आणखी दोन आकडे खोडले.